हॉकीवाल्याचे सात कागद

आमच्या घरात त्याला नाव नव्हतं. "हॉकीवाला", बस. यजमान स्टील प्लांटमधून ड्यूटी करून आले की बूट काढता काढता विचारायचे, "काय वं, जेवला का तुझा हॉकीवाला?" आणि मी चिडायची. चिडायला मला फार काही लागत नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणाला नवल वाटायला नको. पण आज लिहायला बसली ती चिडून नाही. माझ्या हातून एक चूक झाली, आणि ज्यांचं त्या चुकीनं नुकसान व्हायचं होतं त्यांनीच मला जवळ बसवून खाऊ घातलं. हे मनातल्या मनात ठेवणं मला जड जाऊन राहिलं. घरात मी मले-तुले बोलणारी बाई आहे. लिहिताना शाळेतली मराठी आणायचा प्रयत्न करते, घसरली तर सांभाळून घ्या.

हा हॉकीवाला नागपूरकडचा, रेल्वेत नोकरीला. रेल्वेच्या संघात हाफबॅक खेळायचा. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा नोकरीतून मोकळीक घेऊन विमान चालवायला शिकला, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला, आणि एक दिवस त्याचं विमान परत आलं नाही. एवढीच त्याची गोष्ट. कुठल्या पुस्तकात तो नाही, कुठल्या चौकात पुतळा नाही. माझे बाबा दुर्ग लाइनवर रेल्वेत होते, त्यांनी लहानपणी नागपूरच्या मैदानात त्याला खेळताना पाहिलं होतं. बाबा सांगायचे, चेंडू त्याच्या काठीला चिकटून चालायचा आणि हा मात्र खाली बघायचाच नाही, वर बघत पळायचा, म्हणूनच पुढे विमानात गेला. बाबांच्या या तर्काला काही अर्थ नव्हता. पण मी टाउनशिपमधल्या सेक्टरच्या शाळेत हॉकी खेळायला लागली ती याच गोष्टीच्या नादानं. मीही वर बघत पळून पाहिलं आणि पहिल्याच आठवड्यात नडगी फोडून घेतली.

पुढे मला प्लांटच्या ऑफिसात नोकरी लागली, आवक-जावक विभागात. चौतीस वर्षं तिथेच काढली. काम एकच. बाहेरून कागद आला की त्यावर गोल शिक्का मारायचा, शिक्क्यात तारीख फिरवायची, बाजूला क्रमांक टाकायचा आणि त्याखाली आपली छोटी सही. शिक्का बसला नाही तोवर तो कागद आलाच नाही, असं आमचं शास्त्र. साहेबाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली तरी मी आधी शिक्का मारायची आणि मग वाचायची. लोक हसायचे. हसू देत. माझ्या विभागातला एक कागद कधी हरवला नाही.

पहिला कागद मिळाला तो दुर्ग स्टेशनजवळच्या एका कबाड्याकडे. मी तिथं जुन्या पाट्या बघायला गेली होती. कुठल्याशा बंद झालेल्या कचेरीची रद्दी त्यानं किलोवर उचलली होती, आणि गठ्ठ्यात वरच एका सामन्याचा कागद होता. अकरा खेळाडूंची नावं, समोर अकरा सह्या. त्यात त्याचं नाव वाचलं आणि मी तिथंच खाली बसून पुन्हा वाचलं. सही मोठी ऐटबाज. पहिलं अक्षर हे एवढं, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळून सगळ्या नावाखालून गेलेली. कबाडी म्हणाला, "दीदी, ये तो कचरा है." मी म्हटलं, "हां भैया, कचरा ही चाहिए." तो भला माणूस. त्या दिवसापासून त्यानं तसले कागद वेगळे काढून ठेवायला सुरुवात केली. माझी वाट बघायचा, आणि मी गेली की दुकान सोडून आधी चहा सांगायचा. आज तो नाही. पण तो नसता तर मी हा छंद कुठून लावून घेतला असता?

असे वीसेक वर्षांत सात कागद जमले. एक दोन काठ्या आणि बुटांचा जोड मिळाल्याची पावती, तिच्यावर त्याची सही. एक युद्धावर जायला मोकळीक द्या म्हणून केलेला अर्ज. एक पत्र, विमानाचं शिक्षण घेताना त्यानं रेल्वेच्या संघाच्या सेक्रेटरीला लिहिलेलं. त्यात तो म्हणतो, इथं सगळं ठीक आहे, पण मैदान इतकं दगडाळ आहे की चेंडू कुठे जाईल ते देवालाही सांगता यायचं नाही. ते पत्र मला नागपूरच्या एका बाईंनी नुसतं फोनवर माझी गोष्ट ऐकून पोस्टानं पाठवून दिलं. आम्ही एकमेकींना अजून पाहिलेलं नाही. जगात चांगली माणसं किती आहेत, हे मला या हॉकीवाल्यामुळे कळलं.

आता माझी चूक. ऑफिसात सगळं कंप्युटरवर गेलं तेव्हा माझा जुना शिक्का मोडीत निघाला. मी तो मागून घेतला. आणि हॉकीवाल्याचा कागद घरी आला की टेबलावर पेपर अंथरायची, शिक्का मारायची, क्रमांक टाकायची, खाली माझी सही करायची. जांभळी शाई, एकदम ठसठशीत. सातही कागदांवर! आणि वर माझी हुशारी बघा, त्याच्या सहीला धक्का लागू नये म्हणून शिक्का नेहमी लांब, मोकळ्या जागी मारायची. स्वतःवरच खूश असायची.

मग एकदा मी जुन्या सह्या जमवणाऱ्या एका जाणकार माणसाला मोबाइलवर फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन आला. "बाई, हे जांभळं काय आहे?" मी सांगितलं. मग म्हणाला, "तुम्ही वाट लावली हो." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी म्हटलं, "कागद आला की शिक्का बसला पाहिजे. तुमच्याकडे कागद हरवत असतील, माझ्याकडे नाही हरवत." आणि फोन ठेवून दिला. दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी यजमान म्हणाले, "अवं, त्यानं का खोटं सांगितलं? आता तो कागद हॉकीवाल्याचा कमी आन् तुझाच जास्त दिसते." मी शिक्का उचलून माळ्यावर टाकला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

रिटायर झाल्यावर आम्ही क्वार्टर सोडून रुआबांध्याला घर केलं. तिथून जवळच्या मराठी मंडळानं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांच्या छंदांचं प्रदर्शन ठेवलं. कोणी रांगोळ्या आणल्या, कोणी विणकाम, आणि मी माझे सात कागद. टेबलावर पांढरी चादर, वर कागद, वर काच ठेवायचं राहून गेलं. बायका यायच्या, "हो का, छान" म्हणायच्या आणि तिळगुळाकडे वळायच्या. मला राग यायला लागला होता.

तेवढ्यात एक म्हातारी आली. ऐंशी ओलांडलेली, उंच, पायात पुरुषी चपला. ती टेबलापाशी थांबली ती हललीच नाही. चष्मा वर करून, खाली करून त्या सह्या बघत होती. मग तिनं हात पुढे केला आणि एका सहीवरून बोट फिरवायला लागली. मी खेकसली, "हात नका लावू हो, जुने कागद होयेत!"

तिनं हात मागे घेतला. म्हणाली, "हा माहा बाप होय."

खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. वीस वर्षं मी या माणसाच्या मागे आहे, त्याला मुलगी होती हे मला कुठे दिसलं नव्हतं. आणि वीस वर्षांत मला वाटायला लागलं होतं की हा माणूस माझा आहे. मी तिला विचारलं, "असं कोनीही म्हनंन. तुमच्यापाशी काही कागद आहे का?"

म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. "कागद असता तं मी इथं कायले आली असती?" एवढं बोलून ती हळूहळू दाराकडे गेली. तिळगूळसुद्धा घेतला नाही.

यजमान मागे उभे राहून सगळं ऐकत होते. ते सहसा मला बोलत नाहीत, थट्टेवर भागवतात. त्या दिवशी स्कूटर सुरू करता करता म्हणाले, "संक्रांतीच्या दिवशी असं बोलतेत का कोनाशी? ते रिटायर झाली तुझी आवक-जावक. उद्या त्या बाईकडे जायचं. सगळे कागद घेऊन." मी फाइल पोटाशी धरून मागे बसली. चूक माझीच होती.

मंडळातल्या बायकांना विचारून पत्ता काढला. मोहन नगर, दुर्ग. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही फाइल घेऊन गेलो. वाटेत सिविक सेंटरला थांबून पेढे घेतले. रिकाम्या हातानं माफी मागायला मला लाज वाटत होती. म्हातारीनंच दार उघडलं. मी वाक्य जुळवून आणलं होतं, पण तोंडून भलतंच निघालं. "मावशी, मी लय वंगाळ बोलली काल. शिव्या द्या मले."

"शिव्या कायले देऊ? बस," ती म्हणाली. "भाऊ, तुमी बी बसा." आणि आत जाऊन ठेठरीचा डबा घेऊन आली. शेजारच्या छत्तीसगढी बाईनं करून दिली म्हणे. बेसनाची ती कडक ठेठरी मी चावत बसली, आणि मावशीनं आपली गोष्ट सांगितली.

लग्नाला वर्ष झालं आणि बाप लढाईवर गेला. मध्ये एकदा सुटीवर येऊन गेला. तो गेल्यावर पोटात मावशी होती. मावशी जन्मली तेव्हा घरून तार केली, मुलगी झाली म्हणून. तारेचं उत्तर आलं नाही. महिना गेला, दीड महिना गेला. मग दुसरीच तार आली, विमान परतलं नाही म्हणून. आई तर मावशी चार वर्षांची असतानाच गेली. तिला मामानं वाढवलं. मामा मालगाडीवर गार्ड होता, माणूस सोन्यासारखा.

"पन माही आजी, म्हंजे बापाची माय," मावशी म्हणाली, "ते मरेपर्यंत येकच बोलत होती. पोरगी झाली आयकलं आन् त्यानं तोंड फिरवलं. दोन वळी लिवाले का झालं होतं त्याले? मी लहान होती, मले ते खरंच वाटे. अजूनबी वाटते. लोक म्हनतेत, तुहा बाप मोठा हॉकीचा खेळनारा, मोठा विमानवाला. मले त्याचं का करायचं हाय? मले येवढंच पाहिजे, का त्याले मी मालूम होती का? आन् मालूम होती तं नकोशी होती का?"

तिचा आवाज एकदम साधा होता. ऐंशी वर्षं हा प्रश्न तिनं इतक्या वेळा स्वतःला विचारला असेल की त्यात आता रडूसुद्धा उरलं नव्हतं. पण माझ्या कागदांत याचं उत्तर नाही, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "मावशी, मी सातही कागद दहादहा वेळा पाह्यले. तुमच्याबद्दल त्यात काहीच नाही."

"तू पाह्यले ना. मले वाचून दाखव. मले इंग्रजी येत नाही. त्याचे शब्द तरी आयकू दे."

म्हणून मी एकेक कागद वाचायला घेतला, मराठीत सांगत. सामन्याचा कागद झाला. पावती वाचली तर तिच्यात बुटांचं माप होतं, दहा नंबर. मावशी एकदम हसली आणि साडी वर करून आपलं पाऊल पुढे केलं. "पाय! जलमभर लोकायनं मले चिडवलं, म्हसरावानी पाय हायेत म्हनून. घ्या, बापाचे होयेत." यजमानही हसले. मी दगडाळ मैदानाचं पत्र वाचलं, ते तिनं दोनदा वाचायला लावलं.

सातवा कागद सगळ्यात फालतू. कबाड्याच्याच गठ्ठ्यातला. रेल्वेच्या नोकरांना मिळतो त्या फुकट प्रवासाच्या पासचा छापील अर्ज, खाली शाईनं त्याची झोकदार सही. माझ्या वहीत मी लिहून ठेवलं होतं, 'पासचा अर्ज, सही स्पष्ट'. बाकी मी कधी बघितलंच नाही, बघण्यासारखं तिथं काही दिसत नव्हतं. वर नागपूर ते कलकत्ता आणि परत, एवढं कसंबसं वाचता येत होतं. मधला भाग मोकळा. म्हणून तर माझा शिक्का तिथं बसला होता, अगदी मध्यभागी, भरपूर शाईचा.

त्या दिवशी मी तो मोठ्यानं वाचायला लागली आणि छापील ओळीपाशी अडखळली. 'प्रवास करणाऱ्या कुटुंबातील व्यक्ती, नातं, वय.' चौतीस वर्षं मी सरकारी फॉर्म हाताळले. या रकान्याखाली कोणी मोकळं सोडत नाही. मी कागद खिडकीशी नेला. मोकळा नव्हताच तो. पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, पुसट झालेलं. पहिल्या ओळीत 'स्वतः'. दुसरीत 'पत्नी', वय एकोणीस. आणि तिसरी ओळ होती. तिसऱ्या ओळीवर माझा शिक्का होता, माझा क्रमांक, माझी तारीख, माझी सही. खाली काय आहे त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं.

मी मावशीला खरं ते सांगितलं. इथं तिसऱ्या माणसाचं काहीतरी लिहिलं आहे, आणि ते मी बुजवलं. सांगता सांगता मला रडू फुटलं. तो जाणकार माणूस फोनवर म्हणाला तेव्हा मला फक्त राग आला होता. तिसरं माणूस कोणीही असू शकलं असतं, त्याची आई, एखादा भाऊ. किंवा ती. आणि जगात ते एकाच जागी लिहिलेलं होतं.

मावशी उठून आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मी तिचं एवढं वाटोळं केलं होतं, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती!

यजमानांनी माझ्या हातातून कागद घेतला. ते रेल मिलमध्ये होते, रूळ तपासणीवर. जन्मभर त्यांनी एकच काम केलं, चांगल्या दिसणाऱ्या रुळात केसाएवढी चीर शोधायची. त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूवरून अंगठा हळूच फिरवला. म्हणाले, "यानं दाबून लिवलं आहे. खाली कार्बन ठेवून नकला काढल्या असतील. मावशी, घरात बॅटरी आहे का? आन् येक लहान आरसा?"

मावशीनं दोन्ही आणून दिलं. त्यांनी मला दारंखिडक्या लावायला सांगितल्या. दुपारचे तीन वाजले असतील, पण खोलीत बऱ्यापैकी अंधार झाला. मग ते जमिनीवरच बसले, कागद पालथा फरशीवर ठेवला आणि बॅटरी कागदाच्या कडेला आडवी टेकवली. वरून उजेड टाकला तर चीर दिसत नाही, हे ते मला लग्न झाल्यापासून सांगत आले आहेत. उजेड पृष्ठभागाला लागून सरपटत गेला पाहिजे, म्हणजे चिरेची सावली पडते. आणि रुळाची खालची बाजू आरशात बघायची. मी तेव्हा कधी लक्ष दिलं नव्हतं. आता मी वाकून बघत होती, आणि कागदाच्या पाठीवर बारीक बारीक उंचवटे उभे राहिले, उलट्या अक्षरांचे. शिक्क्याची शाई सपाट होती, तिची सावली पडत नव्हती. फक्त त्याच्या पेन्सिलीची पडत होती.

यजमानांनी आरसा धरला. चष्मा कपाळावर ढकलून ते एकेक अक्षर वाचायला लागले. "डी." पुढचं अक्षर लागेना. बॅटरी जरा सरकवली. "ए. यू. हे जी दिसते."

मला कळलं. मी तोंडावर हात ठेवला, कारण पूर्ण वाचून होईपर्यंत बोलायचं नव्हतं. मावशी भिंतीला टेकून बसली होती, तिचे डोळे मिटलेले.

"डॉटर," यजमान म्हणाले. "मावशी, मुलगी. नाव नाही लिवलं, नुसतं मुलगी. वय येक महिना."

तार मिळाली होती! तारेत नाव नसणार, म्हणून त्याला नाव माहीत नव्हतं. त्यानं बायकोला आणि एक महिन्याच्या मुलीला सुटीत येऊन आघाडीच्या वाटेवरच्या कलकत्त्याला घेऊन जायचं ठरवलं होतं. कोपऱ्यात दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात 'फाइल' एवढंच लिहिलं होतं. त्या शब्दाचा अर्थ मला चांगला माहीत आहे: आता काही करायचं नाही, नुसतं ठेवून द्या. अर्ज कचेरीत फिरत असतानाच मागणारा माणूस राहिला नव्हता, आणि घरी कोणाला काही कळवायचं कोणाला सुचलं नाही.

मी दारं उघडली. उजेड आला. मावशी रडत नव्हती, नुसती बसून होती. मी तिच्यापाशी जाऊन बसली, कागद तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "हा तुमचा होय मावशी. मी याच्यावर घाण करून ठेवली. मले माफ करा."

"अवं वेडे," ती म्हणाली, "तू नसता उचलला तं कबाड्यानं याच्यात फुटाने बांधले असते." मग यजमानांच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "जवाई, तुमचे डोये सलामत राहो." आणि हे माझे यजमान, ज्यांनी वीस वर्षं माझ्या हॉकीवाल्याची टिंगल केली, ते बॅटरी बंद करायचं विसरून तसेच बसून राहिले.

माझ्या बाबांनी मला एका खेळाडूची गोष्ट दिली, कबाड्यानं त्याचे कागद दिले, नागपूरच्या बाईंनी न बघता विश्वास दिला. पण त्या दुपारी त्या दोघांनी मला जे दिलं त्याला मी काय म्हणू? मी चुकली होती आणि मला कोणी चुकलेली ठेवलं नाही. मी देवाधर्माची फारशी नाही, पण त्या दिवशी मनातल्या मनात हात जोडले.

मावशी कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत होती, जांभळ्या डागाकडेच. मग एकदम तिच्या कपाळाला आठी पडली. गार्डाच्या घरात वाढलेली बाई, रेल्वेचे नियम तिला तोंडपाठ.

"जवाई," ती म्हणाली, "महिन्याच्या लेकराले गाडीत पास लागते का?"

"नाही लागत," यजमान म्हणाले. "ना पास, ना तिकीट. मांडीवर बसून येते."

"मामा बी तसंच सांगे. लेकराचं नाव अर्जावर लिवाचंच काम नाही. दोघायचं लिवलं असतं तरी मी गेलीच असती ना, मायच्या मांडीवर."

"हो."

"मंग बापानं लिवलं कायले?"

मावशीनं तिसऱ्या ओळीवर, माझ्या शिक्क्यावर, आपलं बोट ठेवलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले.

"आम्ही तिघं होतो," ती म्हणाली. "माह्या बाबानं तिघं लिवले."